चाखून न बघता

ग्रिम्झबी. रात्रीचे सव्वादहा.
विल्फ कोलबेक, वय एक्क्याऐंशी,
रक्तात सोडियम एकशे चौदा.
चार दिवस जुलाब, उलट्या,
आणि तशातही ब्लडप्रेशरची ती लघवी करवणारी गोळी
न चुकता घेतलेली.
पोटॅशियमही खाली.
जीभ सुकलेली, चिमटीतली कातडी तशीच उभी राहते,
आणि मला म्हणतो, "कुक, चहा कुठाय?"

तीस वर्षं ट्रॉलरवर. आधी आइसलंड, मग नॉर्वेकडे.
शेरिल, त्याची मुलगी, सांगते,
बाबा घरी आला की आई त्याचा स्वेटर
दाराबाहेर झटकायची, मीठ पडायचं पायरीवर.
"मग मीठच कमी झालंय ना?
भरा की पटापट."

तसं नसतं, शेरिल.

कपाटात पिशव्या सगळ्या सारख्याच, नितळ,
कुणाच्या पोटात काय ते चेहऱ्यावर दिसत नाही.
एकीत मीठ : नाव नॉर्मल, पण रक्ताहून जरा खारटच.
हार्टमनमध्ये मीठ थोडं कमी, चिमूटभर पोटॅशियम.
ग्लुकोजची सर्वांत लबाड.
साखर शरीर खाऊन टाकतं
आणि मागे उरतं नुसतं पाणी.
आत्ता ती लावली तर मेंदू आणखी फुगेल.
तीव्र मिठाची एक छोटी पिशवी कुलपात आहे,
झटके आले तर.
न येवोत.

मिरजेच्या होस्टेलवर मेसला कुमुदकाकू होत्या.
गणपतीत नैवेद्याचं चाखायचं नाही, म्हणून
मीठ तळहातावर घेऊन
थोडा वेळ नुसत्या बघत राहायच्या.
"घातलेलं काढता येत नाही गं."
एकदा हात सुटला.
नैवेद्य दाखवून झाल्यावर आमटीत बटाटे सोडले,
देवाला काही बोललो नाही.

मी नॉर्मल निवडली, पोटॅशियम घातलेली, हळू.
पोटॅशियम आत जाताना सोडियमलाही वर ओढतं,
तेही धरलं हिशेबात.
चोवीस तासांत आठ. फार तर दहा.
त्याहून घाई झाली तर मेंदूच्या देठात
नसांवरची वेष्टणं सोलून निघतात,
माणूस आतून जागा, बाहेरून बंद.
आणि ते आज दिसत नाही. चार दिवसांनी दिसतं,
तेव्हा ड्यूटीवर दुसरंच कुणी असतं.

एक वाजता एकशे सोळा. ठीक.

साडेचारला मॅरिसेल सिस्टरने
लघवीची पिशवी उचलून दिव्यासमोर धरली.
तासाभरात चारशे. पाण्यासारखी पांढरी.
देहाला कळलं, दुष्काळ संपला,
इतके दिवस मुठीत धरलेलं पाणी त्याने सोडून दिलं.
एकशे बावीस.
आठ झालेसुद्धा. अजून पहाट व्हायची होती.

रजिस्ट्रारला उठवलं.
मीठ बंद. ग्लुकोज लाव. लघवी आवरायचं इंजेक्शन दे.
तीच लबाड पिशवी,
मी माझ्या हाताने टांगली.
शेरिल म्हणाली, "मघाशी मीठ, आता पाणी?
नक्की ठरलंय ना तुमचं?"
दर दोन तासांनी रक्त काढून
ठरवतो, म्हटलं.
तिला ते आवडलं नाही. मलाही आवडलं नसतं.

विल्फ छताकडे बघून बोलत होता :
दोरखंडांवर बर्फ चढतो, कुऱ्हाडीने तोडायचा,
पण एकाच बाजूचा नाही, कुक.
बोट कलंडते.
मी हो म्हटलं. पंपावरचा आकडा बदलत होते.

आठ वाजता एकशे वीस.
मोठ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "किती वर?"
"सहा."
मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेले.
विल्फला साल विचारलं. एकोणीसशे त्र्याहत्तर.
अजून दोन रात्री लागतील.

घरी येऊन कुकर लावला.
वरणात मीठ घातलं की नाही, आठवेना.
चमचाभर घेऊन चाखलं.
नव्हतं.